फ्लॅट विकायचाय? रंगाची शेड ठरवण्याआधी एवढं करा

शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचं कार्ड, मागवायच्या आधी प्रत्येक भिंतीवरून हात फिरवा. पुण्यात पाऊस बहुतेक पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब नीट बघा. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा पोपडे सुटत असतील तर आधी गळती शोधा, बाथरूमच्या मागची भिंत विसरू नका. गणपती झाले की दसऱ्याच्या मुहूर्तासाठी घाईघाईत ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली जाते आणि दिवाळीपर्यंत ती फुगते. शिवाय ओल दाबून वर रंग मारणं ही घेणाऱ्याची सरळ फसवणूक आहे. दुरुस्ती करा, भिंत पूर्ण वाळू द्या, रंग त्यानंतर.

देवघरामागची काजळी आणि ओट्यावरच्या भिंतीचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. नुसता पाण्यातला रंग दिला तर ते डाग आठवड्याभरात पुन्हा वर येतात, म्हणून तिथे डाग रोखणारा प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा थर, लावायला सांगा. खिळ्यांची भोकं बुजवून, घासून घ्या.

आता शेड. ती फरशीवरून ठरवा, कारण फरशी काही बदलणार नाही. कोथरूड किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतींत मोझॅक असतं. त्यातले दाणे पिवळट, हिरवट की तांबूस, ते फडकं मारून ओल्या फरशीवर बघा. पिवळट मोझॅकशेजारी निळसर पांढरा लावला की फरशी मळकी दिसते, तिथे साईसारखा उबदार पांढरा बरा. पांढऱ्या-करड्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर मात्र फिकट करडा छान जातो.

कार्डावरच्या चौकोनावर विश्वास ठेवू नका. चारही भिंतींवर तोच रंग एकमेकांवर पडून गडद दिसतो. छोटा डबा आणा, प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे दोन पट्टे मारा, प्रत्येकाला रंगाचे दोन हात द्या, एक खिडकीसमोर आणि एक खिडकीच्याच भिंतीवर. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. हॉलमध्ये पांढरी ट्यूब आणि बेडरूममध्ये पिवळे बल्ब असतील तर एकच शेड दोन वेगळ्या रंगांची वाटेल. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, तिथे करड्यापेक्षा बदामी छटा घ्या. शेजारच्या इमारतीने उजेड अडवलेल्या पॅसेजमध्ये तर गडद रंग अजिबात नको.

मुलांच्या खोलीतली जांभळी भिंत, हॉलमधली टेक्स्चरची लाल भिंत काढायला जीव तुटतो, हे मला कळतं. पण बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचं कपाट, स्वतःचा पलंग मनात मांडता यायला हवा. टेक्स्चर घासून सपाट करायला वेळ लागतो, तो रंगाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. गडद भिंतीला प्रायमरचे दोन हात लागतील.

छताला साधा पांढरा. जुन्या, उंचसखल भिंतींना मॅट, कारण चमकदार रंगात प्रत्येक उंचवटा ट्यूबच्या उजेडात उठून दिसतो. स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये पुसता येणारा इमल्शन. दारांच्या चौकटी आणि ग्रिलचा ऑइल पेंट आधी उरकून घ्या, त्याचा वास जायला वेळ लागतो.

शेवटचा हात झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून घर काही दिवस वारं खाऊ द्या, मगच एजंटला किल्ली द्या. शेडचे नंबर खोलीवार कागदावर लिहून उरलेल्या डब्यांबरोबर माळ्यावर ठेवा, नवीन मालकाला लागतील.