कोळसा खाणीतला इटालियन पणजोबा घरबसल्या कसा शोधावा

आमची सूनबाई पेनसिल्व्हेनियाची. पणजोबा इटलीतून येऊन कोळशाच्या खाणीत राबले, एवढंच तिला ठाऊक. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यातली, म्हणून काम माझ्या गळ्यात. कोथरूडात बसून, एक पैसा न भरता, बरंच हाती लागतं.

इटलीच्या दप्तरात लगेच शिरू नका. तिथल्या नोंदी गावनिहाय आहेत. गाव माहीत नसेल तर नुसतं आडनाव काय कामाचं? गाव अमेरिकेच्या कागदांत शोधायचं. 1900 ते 1930 च्या जनगणनांत धंदा आणि स्थलांतराचं साल मिळतं, गावाच्या जागी मात्र बहुधा नुसतं 'इटली'. म्हणून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून पहिल्या महायुद्धाचं अमेरिकी सैन्यभरतीचं कार्ड काढा. परदेशी नागरिकांनाही ते भरावं लागे. 5 जून 1917 चं निघालं तर नशीब, त्यात जन्मगाव विचारलंय. 12 सप्टेंबर 1918 च्या कार्डात ते नाही, पण मालकाचं म्हणजे खाण कंपनीचं नाव आणि जवळचा नातेवाईक आहे.

मग न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या नाक्यावर आलेल्या बोटींच्या याद्या. तिथल्या कारकुनाने नावं बदलली ही लोणकढी थाप. यादी नेपल्ससारख्या बंदरातच तयार होई. पुढे जुझेप्पेचा 'जो' झाला तो अमेरिकेत राहून. बायका माहेरच्या आडनावाने शोधा. 1907 नंतरच्या यादीत मायदेशातला नातेवाईकही असतो. वरच्या-खालच्या ओळी जरूर वाचा, गाववाले जोडीने निघत.

गाव सापडलं की 'अंतेनाती' हे इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं संकेतस्थळ. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी 1809 पासून, इतरत्र बहुतेक 1866 पासून. साल अक्षरी लिहिलेलं असतं: मिल्लेओत्तोचेंतोनोवांतुनो, म्हणजे 1891. आमच्या कागदाच्या कडेला बारीक तिरक्या अक्षरात लग्नाचा शेरा होता, बायकोच्या नावासकट. सातबाऱ्यासारखंच, खरी गंमत शेऱ्यात!

माणूस मध्येच गायब झाला तर? पेनसिल्व्हेनियाच्या खाण खात्याच्या वार्षिक अहवालांत अपघातात मेलेल्यांची नावं, वय, देश आणि मागे राहिलेली बायकापोरं नोंदलेली आहेत. तिथे नसेल तर बोटींच्या याद्या पुन्हा चाळा. कित्येक जण परत गेले आणि पुन्हा आले.

शेवटी गावच्या नगरपालिकेला पत्र लिहा, इटालियनमध्ये, चारच ओळी. जन्मनोंदीचा उतारा मागताना आईबापांच्या नावांसह हवा असं स्पष्ट लिहा, नाहीतर वरची पिढी गाळलेला कागद यायचा.