चर्चेला बसण्यापूर्वी आपली प्रत कोणती, हे पाहून घ्या

वाचनगटात सर्वांनी एकच पुस्तक वाचलेले असते. तरीही कुणी 'पान ११२ वरचा परिच्छेद' म्हटले की निम्मी मंडळी भलताच मजकूर उघडून बसतात. याचे कारण बहुधा निरनिराळ्या आवृत्त्या हे असते.

म्हणून प्रथम शीर्षकपानामागचे पान वाचावे. पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो, तर सुधारित आवृत्तीत तो बदललेला असतो. साध्या पुनर्मुद्रणालाही 'नवी आवृत्ती' म्हणणारे प्रकाशक पुष्कळ असल्यामुळे केवळ त्या उल्लेखावर विसंबू नये; नव्या आवृत्तीसाठी लेखकाने वेगळे मनोगत लिहिले असेल, तर काय बदलले ते बहुधा तिथेच कळते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकही ताडून पाहावा. मात्र कापडी आणि कागदी बांधणीला वेगवेगळे क्रमांक मिळतात, त्यामुळे क्रमांक निराळा म्हणजे मजकूर निराळा, असे समजू नये. २००७ पूर्वी हा क्रमांक दहा अंकी होता. तेरा अंकी क्रमांकाशी तो ताडायचा असेल, तर नव्यातले सुरुवातीचे ९७८ आणि दोन्हींतला शेवटचा तपासणी-अंक वगळून उरलेले नऊ अंक जुळतात का, ते पाहावे.

खरी काळजी अनुवादाबाबत घ्यावी लागते. अनुवादक कोण, अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की मधल्या एखाद्या भाषेवरून, आणि कुठेतरी बारीक अक्षरांत 'संक्षिप्त' असे छापले आहे का, या तिन्ही गोष्टी आधीच टिपून ठेवाव्यात. एरवी लेखकाच्या शैलीवर तावातावाने चाललेला वाद प्रत्यक्षात दोन अनुवादकांच्या शैलींवर चाललेला असतो, आणि वगळलेल्या प्रकरणाचा दोष लेखकाच्या माथी जातो.

संदर्भ देताना पानाऐवजी प्रकरण आणि परिच्छेद सांगावा. प्लेटोच्या संवादांबाबत ही अडचण अभ्यासकांनी केव्हाच सोडवली आहे: भाषा कोणतीही असो, संदर्भ दिला जातो तो फ्रेंच मुद्रक आंरी एस्तिएन यांनी १५७८ मध्ये छापलेल्या आवृत्तीतील पानांचा, आणि चांगल्या अनुवादांत ते आकडे समासात छापलेले असतात. इतर पुस्तकांना अशी सोय क्वचितच असते. ई-पुस्तकात तर अक्षरांचा आकार वाढवला की पानेच बदलू शकतात. तिथे परिच्छेदातले सलग चार-पाच शब्द सांगावेत, म्हणजे तीच आवृत्ती असलेल्यांना ते शोधून काढता येतात. अनुवाद वेगळे असतील, तर मात्र प्रसंगच सांगावा आणि सर्वांना तो सापडेपर्यंत थांबावे.