लहान गावातील बाप्टिस्ट मंडळीचा इतिहास कसा लिहावा

मंडळीची (म्हणजे चर्चची) पन्नाशी किंवा शताब्दी जवळ आली की स्मरणिका काढायचे ठरते, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या हाती जुन्या कागदांचे बोचके दिले जाते आणि दोन-तीन महिन्यांत इतिहास लिहून मागितला जातो. अशा घाईत पाळकांच्या (पास्टरांच्या) नावांची यादी, कोनशिलेवरची तारीख आणि शुभेच्छासंदेश यांपलीकडे फारसे काही छापले जात नाही. बाप्टिस्ट मंडळीला तर ही पद्धत मुळीच पुरी पडत नाही. या परंपरेत स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देऊन, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची मंडळी बनते. पाळकाला पाचारण करणे, नव्या माणसाला सभासद करून घेणे, जमिनीचा व्यवहार करणे हे सारे त्या सभासदांच्या सभेत ठरते. म्हणून इतिहासाचा कणा सभेच्या इतिवृत्तातून आणि सभासदांच्या नोंदवहीतून उभा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी वडोदऱ्यात राहतो, त्यामुळे सरकारी दप्तराची उदाहरणे इथली दिली आहेत. बाकीची पद्धत कोणत्याही गावाला लागू पडेल.

सर्वप्रथम आपली मंडळी कोणत्या मिशनच्या कामातून निघाली हे नक्की करावे, कारण कागद कुठे शोधायचे ते त्यावर अवलंबून असते. इंग्रज बाप्टिस्टांची मिशनरी सोसायटी 1792 मध्ये केटरिंग येथे स्थापन झाली. तिचे मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालमध्ये उतरले आणि 1800 च्या जानेवारीत तिथल्याच श्रीरामपूरला (सेरामपूर) आले. मराठी वाचकाला या श्रीरामपूरचे विशेष अगत्य वाटावे, कारण केरींचे मराठी व्याकरण 1805 मध्ये, मोडी लिपीचे खिळे वापरून छापलेला मराठी कोश 1810 मध्ये आणि मराठी नवा करार 1811 मध्ये तिथूनच बाहेर पडला. गुजराती नवा करारही 1820 मध्ये तिथेच छापला गेला. अमेरिकन बाप्टिस्टांची कहाणी वेगळी आहे. 1812 मध्ये अमेरिकेहून निघालेल्या मिशनऱ्यांच्या तुकडीतील अडोनिरम जडसन आणि ल्यूथर राइस कलकत्त्याला पोहोचल्यावर बाप्टिस्ट झाले, तर त्याच तुकडीतील, बाप्टिस्ट न झालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला आले व त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. आपल्या मंडळीच्या पुस्तकात ही पार्श्वभूमी एका पानात उरकावी. केरींचे चरित्र वाचकाला दुसरीकडे मिळेल. आपल्या गावच्या पहिल्या दहा सभासदांची माहिती मात्र दुसरे कोणीच लिहिणार नाही.

इंग्लिश बाप्टिस्ट मिशनचे दप्तर ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजमधील अँगस ग्रंथालयात आहे. अमेरिकन बाप्टिस्टांचे कागद अटलांटा येथील त्यांच्या इतिहास संस्थेत आहेत आणि श्रीरामपूर कॉलेजच्या केरी ग्रंथालयातही जुना संग्रह आहे. पत्र पाठवताना गावाचे नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगांसह द्यावे आणि वर्षांचा टप्पा कळवावा. मिशनचे छापील वार्षिक अहवाल पुष्कळदा इंटरनेटवर मिळतात, तेव्हा आधी ते पाहावेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा इंग्लिश मिशनशी नाते असलेल्या अनेक बाप्टिस्ट मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. त्यामुळे आजच्या पाटीवर ‘बाप्टिस्ट’ शब्द नसला तरी जुनी वही बाप्टिस्ट मंडळीची असू शकते. त्या वर्षीच्या सभेत काय चर्चा झाली, विरोध कोणी व का केला, हे मिळाले तर ते सविस्तर लिहावे.

आता सभेच्या वहीकडे वळू. ती हाती आली की लगेच माहिती टिपायला बसू नये. प्रथम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती वाचावी आणि अक्षर कुठे बदलते, शाई कुठे बदलते, भाषा इंग्रजीतून मराठीत किंवा गुजरातीत कधी येते, कोणत्या महिन्यांची पाने कोरी आहेत, एवढेच वेगळ्या कागदावर लिहावे. चिटणीस बदलला की अक्षर बदलते, आणि अनेकदा नोंदीची पद्धतही बदलते: एक चिटणीस केवळ ठराव लिहितो, दुसरा कोण काय बोलले तेही लिहितो. जिथे मिशनरी साहेबांऐवजी सभासदांपैकी कोणी अध्यक्षस्थानी बसलेला पहिल्यांदा दिसतो, ती सभा मंडळीच्या आयुष्यातील मोठी घटना समजावी, मग वहीत तिला दोनच ओळी मिळालेल्या असोत. अर्पणाचा हिशेबही असाच वाचावा. पाळकाचा पगार मिशनकडून किती आणि मंडळीकडून किती, हे प्रमाण वर्षागणिक मांडले की मंडळी स्वतःच्या पायावर कशी उभी राहिली ते वेगळे सांगावे लागत नाही.

बाप्तिस्म्याची नोंदवही वाचताना अन्य पंथांच्या वह्यांची सवय बाजूला ठेवावी. बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होत नाही, त्यामुळे या नोंदीतील तारखेवरून जन्माचे वर्ष काढता येत नाही. जन्मासाठी बालसमर्पणाची (तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा न देता देवाला समर्पित करण्याच्या विधीची) नोंद, शाळेचा दाखला किंवा घरच्या बायबलची पहिली कोरी पाने पाहावीत. त्या पानांवर आजोबांनी मुलांचे जन्म, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवलेले अनेक घरांत सापडतात. सभासदांच्या वहीत माणूस बाप्तिस्म्याने आला की दुसऱ्या मंडळीच्या शिफारसपत्राने आला, हेही लिहिलेले असते. शिफारसपत्रांवरची गावे नकाशावर मांडली की रेल्वेच्या, गिरणीच्या किंवा शिक्षकाच्या नोकरीमागे माणसे कशी हलली ते दिसू लागते. विवाहांसाठी 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलेले रजिस्टर असते आणि त्यात वधूवरांच्या वडिलांची नावेही मिळतात.

बाप्तिस्मा कुठे झाला हे न विसरता नोंदवावे. श्रीरामपूरचा पहिला भारतीय माणसाचा बाप्तिस्मा, सुतारकाम करणारे कृष्ण पाल यांचा, 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळीच्या पात्रात झाला. लहान गावांतही सुरुवातीला नदी, तळे किंवा विहिरीजवळचा हौद वापरला जाई आणि उपासनामंदिरातला हौद पुढे बांधला जाई. अनेक ठिकाणी तो व्यासपीठाच्या फळ्यांखाली झाकलेला असतो. फळ्या उचलून त्याचे माप घ्यावे, पायऱ्या मोजाव्यात, पाणी कुठून भरत व कुठे सोडत ते विचारावे आणि छायाचित्र काढून ठेवावे, कारण दुरुस्तीच्या वेळी पहिला घाव बहुधा यालाच बसतो.

तारखांची पडताळणी कंटाळवाणी असली तरी टाळू नये. मंडळीतील बाप्तिस्मे सहसा रविवारी होत, म्हणून शंकास्पद तारखेचा वार काढून पाहावा. वर दिलेली कृष्ण पाल यांची तारीख आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थापनेची तारीख, दोन्ही रविवारच आहेत. जुन्या गुजराती कागदांवर विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी 57 आणि त्यानंतरच्या तिथीसाठी 56 वजा करावेत. शके असेल तर 78 मिळवावेत, आणि तिथी जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर 79. वृद्धांना साल विचारू नये, प्रसंग विचारावा. गुजरातेत छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे 1899-1900 चा, 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आणि 1927 च्या जुलैतला महापूर यांच्या आठवणी घराघरांतून पुढच्या पिढ्यांना सांगितल्या गेल्या आहेत, आणि ‘पुराच्या आधी की नंतर’ या प्रश्नाला हमखास उत्तर मिळते. आठवण आणि वही यांत फरक पडला तर दोन्ही द्यावे, आणि कोणते कशावरून आले ते तिथेच सांगावे.

स्त्रियांकडे इथे विशेष लक्ष द्यायला हवे. जुन्या वह्यांत त्यांची नोंद ‘अमुक यांची पत्नी’ एवढीच असते, परंतु घरोघर जाऊन शिकवणाऱ्या बायबल वुमनचे नाव मिशनच्या पगारपत्रकात आणि अहवालात सापडते, आणि इतरांची नावे कबरींच्या शिळांवर असतात. झिजलेली शिळा खडूने किंवा चुन्याने भरू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले असताना, नाहीतर बाजूने टॉर्च धरून वाचावी. अक्षरे पुष्कळ उमटतात.

जमिनीचा शोध घेताना आधी एकच प्रश्न विचारावा: त्या काळी ती जागा कोणाच्या अमलाखाली होती? वडोदऱ्यात शहर गायकवाडांचे, तर छावणी व रेसिडेन्सी (इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचे ठाणे) इंग्रजांच्या देखरेखीखाली, त्यामुळे दोहोंचे कागद एकाच ठिकाणी मिळतील असे धरून चालू नये. संस्थानी कागदांसाठी गुजरात राज्य अभिलेखागाराच्या वडोदरा येथील कार्यालयात अर्ज करावा. जुने कागद मोडीत असल्यास जाणकाराला सोबत न्यावे. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा इथेही लागू झाला, म्हणून त्यानंतरची विश्वस्तांची नावे व मालमत्तेचे वर्णन धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत मिळते. सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड त्याला ताडून पाहावे.

जुन्या वह्यांत शिस्तभंगाच्या नोंदी असतात: कोणाला दारूसाठी, कोणाला मूर्तिपूजेच्या लग्नात भाग घेतल्याबद्दल, कोणाला भांडणासाठी प्रभुभोजनापासून दूर ठेवले. मंडळीचे तेव्हाचे जगणे समजायला या नोंदी फार मोलाच्या आहेत, पण त्या माणसांची नातवंडे आज त्याच बाकांवर बसतात. प्रकार, काळ आणि निर्णय लिहावा, नाव गाळावे. कोणत्या जातीतून कोण आले, हेही कुटुंबाच्या संमतीशिवाय छापू नये. मसुदा तयार झाला की तो सभासदांच्या सभेत वाचून दाखवावा आणि आलेल्या दुरुस्त्या पुराव्यानिशी मागाव्यात.

शेवटी मूळ कागदांची व्यवस्था. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. वह्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकलेल्या कपाटात आडव्या ठेवाव्यात. प्रत्येक पानाचे छायाचित्र वहीच्या नावाने आणि पानाच्या क्रमाने साठवून त्याच्या प्रती पाळकांकडे, चिटणीसांकडे आणि गावाबाहेर राहणाऱ्या एका सभासदाकडे द्याव्यात. कोणती वही कोणाकडून घेतली, कोणाला परत दिली, याची सहीनिशी यादी मंडळीच्या दप्तरात लावावी.