मधुमेहींसाठी पानांचा चहा: पातेलं चढवण्याआधी

बचत गटातून किंवा घरगुती पातळीवर असा चहा करून विकायचा बेत असेल, तर तो प्यायल्याने नेमकं काय होणार हे आधी ठरवा. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर असं चालणाऱ्या माणसाला बिनसाखरेचं आणि तरीही आवडीने पिण्याजोगं पेय मिळालं, तर रोजची तीस-पस्तीस ग्रॅम साखर टळते. हा फायदा पक्का आहे. पानांच्या औषधी गुणांचा विचार त्यानंतरचा. त्यामुळे चव पहिली.

म्हणून पाया गवती चहाचा ठेवा, जोडीला आलं आणि वेलची. गुळाची पावडर अजिबात नको. बाजारातल्या कित्येक ‘हर्बल’ मिश्रणांत ती असते आणि मग सगळाच उद्योग फुकट जातो. दालचिनी घेताना साल मोडून बघा. जाड, टणक, एकाच वळणाची असेल तर ती कॅशिया, म्हणजे दालचिनीची दुसरी जात. तिच्यात कुमारिन हे रसायन जास्त असतं आणि ते रोज पोटात जाणं यकृताला बरं नाही. पातळ, एकात एक गुंडाळलेल्या पापुद्र्यांची सिलोनी साल घ्या. ती कोकणात पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही त्यातलीच जात.

गुडमार या मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या वेलीची पानं मात्र ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावीत, आणि पहिली खेप जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावी. घरच्या घरी करायची परीक्षाही आहे: पान नीट चावा, जिभेवर घोळवा आणि मग चिमूटभर साखर टाका. साखर वाळूसारखी लागली तर माल खरा. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोडाची जाणीव काही वेळ झाकून टाकतात. साखर गोडच लागली तर पान दुसरंच आहे किंवा जुनं झालंय. चव कडू असल्याने प्रमाण कमी ठेवा आणि मुठीने न घेता ग्रॅमच्या वजनकाट्यावर मोजा. पानं सावलीत, जाळीवर, चुरचुरीत होईपर्यंत वाळवा. थोडा ओलावा राहिला तरी पावसाळ्यात पाकिटात बुरशी धरते.

जांभळाच्या बियांची पूड चहात विरघळत नाही, तळाशी बसते. ती चूर्ण म्हणूनच बरी. मेथीदाणा भिजला की बुळबुळीत होतो. सदाफुलीची पानं कुणी कितीही आग्रहाने सुचवली तरी घालू नका, त्यात विषारी अल्कलॉइड असतात. गुळवेलही टाळा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, पण त्या वादात आपण कशाला पडा?

चव घ्यायला बोलावताना निरोगी माणसं बोलवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला गुडमार दिलं तर रक्तातली साखर जास्तच उतरू शकते. घाम, थरथर, ७० च्या खालचा आकडा हा प्रसंग मजेचा नसतो. अशांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हे पाकिटावर ठळक छापा. गरोदर बायकांसाठीही सूचना हवी.

छपाईला देण्याआधी मजकूर पुन्हा वाचा. ‘मधुमेह बरा करतो’ असं लिहिता येत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातील रोगांच्या यादीत मधुमेह आहे. शिवाय चहाच्या झाडापासून न केलेल्या पेयाच्या नावात ‘चहा’ नको, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये बजावलंय. तेव्हा आपापसात काहीही म्हणा, पाकिटावर ‘पानांचं पेय’ लिहा. प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक, घटक, वजन, बॅच, तारखा, हिरवा ठिपका हे सगळं त्यावर हवं. जड धातू आणि बुरशीची तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. खर्च होतो, पण तो किमतीत धरा. आणि प्रत्येक बॅचची दोन पाकिटं मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा, तक्रार आली तर उघडून बघायला.