४५ डिग्रीत कादंबऱ्या कशा वाचायच्या

एप्रिल संपत आला की आमच्या अकोल्यात पारा 44-45 वर जाऊन बसतो, आणि मग जो तो म्हणतो आता सुट्ट्या आहेत, मस्त वाचन होईल. घंटा होतं. जेवण करून जाड कादंबरी घेऊन कूलरपुढे आडवं झालं की पाच-सात पानांत पुस्तक छातीवर आणि आपण घोरायला लागलेलो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की उन्हाळ्यात पुस्तक मूडवर नाही, घड्याळावर निवडायचं.

म्हणजे कसं, तर पहाटे साडेपाच ते साडेसात डोकं थंड असतं, गच्चीवर किंवा अंगणात बसवतं, तेव्हा जड काम काढायचं. माझं सध्या विश्वास पाटलांची 'झाडाझडती' चालूए, धरणात गावं गेलेल्या लोकांची गोष्ट, पात्रं भरपूर आणि सरकारी कागदांचे घोळ त्याहून भरपूर, ही दुपारी वाचायला घेतली तर कोण कुणाचा कोण तेच कळत नाही. दुपारसाठी बारीक पुस्तक ठेवायचं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' बघा, 1939 ची आहे पण शिळी वाटत नाही, सगळी बोटीवर घडते, युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, आणि जीव एवढासा. झोप लागली तरी उठून धागा सापडतो. रात्री लाईट गेली तर वाचू नका, मोबाईलची बॅटरी लावली की सगळे किडे पानावर.

आता बरेच जण म्हणतात उन्हाळ्यात थंडीची, पावसाची, बर्फाची पुस्तकं वाचा म्हणजे गार वाटतं. मला नाही पटत. मी नुकतीच 'बनगरवाडी' परत वाचली, माडगूळकरांची, माणदेशातली, त्यात शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडीच उठते ते वाचताना बाहेर ऊन रणरणत असेल तर जे होतं ते ऑगस्टमध्ये गरम चहा घेऊन होत नाही. छोटीच आहे, दोन-तीन बैठकीत होते. फक्त नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू असताना घरातलं कुणी आजारी असेल तर तेव्हा नको, लई अंगावर येते.

पुस्तकाची पण काळजी घ्यायची. कूलरच्या वाऱ्यात ओल असते, पुस्तक रोज समोर राहिलं तर पानं लाटांसारखी होतात, म्हणून बाजूला बसा आणि पानांना कपड्यांचा चिमटा लावा. नुसत्या गोंदावर बांधलेली पेपरबॅक उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका, गोंद मऊ पडतो आणि पानं सुटायला लागतात. कव्हर घालायचं तर वर्तमानपत्राचं नको, घामाच्या हाताला शाई लागते, कॅलेंडरचं जुनं पान चालतं. आणि खुणा पेन्सिलीनेच, जेलपेन घामाने पसरतं.

एक पुस्तक संपलं की दुसरं उघडायच्या आधी मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहायच्या, पात्रांची नावं, कुठं थांबावंसं वाटलं, बस. (वाचनालयाचं असेल तर वहीत लिहा हो, नाहीतर बाई ओरडतील.) उन्हाळ्यात दोन-तीन पुस्तकं एकत्र चालू असतात, त्यात जूनपर्यंत सगळी खिचडी होते.

पुढचं पुस्तक ठरवताना यादीबिदी करत बसू नका, हातातल्या पुस्तकाचं शेपूट धरा. 'झाडाझडती'नंतर मी कृष्णात खोतांची 'रिंगाण' घेणार, तीही धरणग्रस्तांचीच, 2023 चा साहित्य अकादमी मिळालेली, त्यात गावात मागं राहिलेली म्हैस आणायला माणूस परत जातो. दोन्ही लागोपाठ वाचली की एकच प्रश्न दोन लेखक कसा हाताळतात ते दिसतं. नेमाड्यांची 'हिंदू' मात्र पहिला पाऊस पडून गेल्याशिवाय काढायची नाही, सहाशेच्या आसपास पानं आहेत, उताणं झोपून धरली तर हातच दुखतात.

वाचनालयात जायचं तर सकाळीच जा, आमच्याकडचं दुपारी बंद असतं, आणि सुट्टीत पोरं चांगली पुस्तकं आधीच उचलतात, तेव्हा पुढचं पुस्तक आजच बाजूला काढून ठेवायला सांगा.