आशयसूत्र म्हणजे तात्पर्य नव्हे : कथा वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

कथेचे आशयसूत्र कोणते, असे विचारले की बहुतेक वाचक त्या कथेपासून काय शिकायला मिळाले ते सांगू लागतात. लहानपणी गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ असा शब्द आणि त्यापुढे एक ठाशीव वाक्य, या मांडणीची सवय इतकी खोलवर रुजलेली असते की मोठेपणी कोणतीही कथा हाती आली तरी मन त्या शेवटच्या ओळीचाच शोध घेत राहते. ही सवय वाचकाचे नुकसान करते आणि लिहिणाऱ्याचे त्याहून अधिक करते, म्हणून या गोंधळातून होणाऱ्या चुका आणि त्या दुरुस्त करण्याचे मार्ग येथे मांडत आहे.

तात्पर्य हा कथेवरून काढलेला आचरणाचा नियम असतो: असे वागावे, तसे वागू नये. कथेतील प्रसंग, पात्रे, प्रतिमा आणि शेवट हे सारे माणसाच्या जगण्याविषयीच्या ज्या आकलनाभोवती गुंफलेले असते, ते आशयसूत्र. तात्पर्य कथेबाहेर काढून भिंतीवर लिहिता येते. आशयसूत्र मात्र कथेतून उपटून काढले की निम्मे सुकून जाते.

विषयालाच आशयसूत्र समजणे

ही चूक सर्वांत सोपी आणि तिची दुरुस्तीही तितकीच सोपी आहे. ‘मैत्री’, ‘मृत्यू’, ‘लोभ’ हे विषय आहेत. त्या विषयाबद्दल ही कथा काय म्हणते, हे पूर्ण वाक्यात सांगता आले की आपण आशयसूत्राकडे वळलो, असे समजावे.

प्रत्येक कथेतून उपदेश पिळून काढणे

खरी अडचण येथे आहे. एक कल्पित कथा घेऊ. आईची पत्रे अंध भावाला वाचून दाखवणारी एक बहीण आहे. आई वारते. ती बातमी भावाला सांगण्याचे बहिणीला धैर्य होत नाही, म्हणून आईचे शेवटचे पत्र हातात धरून ती दर महिन्याला मनाने नवा मजकूर रचून वाचू लागते. घड्यांवर झिजलेल्या त्याच कागदाचा आवाज भाऊ पहिल्याच खेपेला ओळखतो, परंतु काही बोलत नाही, उलट दर वेळी विचारतो, “आणखी काय लिहिलंय आईनं?”

या कथेचे तात्पर्य विचारले तर ‘खोटे बोलू नये’ असे उत्तर हमखास येते. हे वाक्य कथेवर ठेवून पाहा. भावाचे मौन त्यात बसत नाही, त्याचा तो प्रश्न बसत नाही, कागदाचा आवाज तर अजिबात बसत नाही. प्रेमापोटी रचलेले खोटे दोघांनाही सावरते आणि त्याच वेळी दोघांनाही आपापल्या दुःखात एकटे पाडते, असे म्हटले की मात्र हे तिन्ही तपशील आपापल्या जागी येतात. मी स्वतः हीच कसोटी वापरतो. आपण काढलेल्या वाक्यामुळे कथेतील महत्त्वाचे तपशील निरुपयोगी ठरत असतील, तर ते वाक्य त्या कथेचे आशयसूत्र नाही. दुसरी खूण व्याकरणाची आहे. वाक्य ‘करावे’, ‘करू नये’ अशा आज्ञेने संपत असेल, तर आपण तात्पर्य लिहिले आहे.

तात्पर्य कथेतच कोरलेले असते असे मानणे

तात्पर्य पुष्कळदा सांगणारा जोडतो आणि सांगणारा बदलला की तेही बदलते. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापली, तेव्हा लांडगा मुलीला खाऊन टाकतो तेथेच ती संपत होती आणि खाली पद्यात उपदेश जोडलेला होता: मुलींनी अनोळखी माणसांच्या बोलण्याला भुलू नये, कारण सौम्य वागणारे लांडगेच सर्वांत घातक असतात. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी मुलीची सुटका करतो आणि आईने मनाई केली असताना वाट सोडून जायचे नाही, असे ती मनाशी ठरवते. म्हणजे एकीकडे परपुरुषापासून सावधगिरी आणि दुसरीकडे आईची आज्ञा, अशी दोन वेगळी तात्पर्ये झाली. तरीही संकट ओळखीचे रूप घेऊन येते आणि निरागस मनाला ते वेळेवर ओळखता येत नाही, हे सूत्र दोन्हीकडे टिकून आहे. आजीच्या बिछान्यात आजी असल्याचे भासवत पडलेला लांडगा हे त्याचेच चित्र आहे.

प्राणिकथा पद्यात लिहिणारे फ्रेंच कवी ला फोंतेन यांचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. त्यांच्या १६६८ च्या संग्रहातील पहिल्याच कवितेत उन्हाळाभर गाणारा रातकिडा उपाशीपोटी मुंगीकडे मदत मागतो आणि मुंगी त्याला नाचायला सांगते. कवीने येथे उपदेशाची ओळ लिहिलेलीच नाही. रातकिड्यापासून मुलांनी धडा घ्यावा अशी मोठ्यांची अपेक्षा असते, पण मुले मुंगीचा कित्ता गिरवतील आणि नकार देताना टोमणा मारायलाही शिकतील, असा आक्षेप तत्त्वज्ञ रूसो यांनी १७६२ मध्ये घेतला. श्रम आणि करुणा यांच्यातील ताण हेच त्या कवितेचे सूत्र आहे, असे मला वाटते. त्यातून कोणी काटकसर उचलतो, तर कोणाला मुंगीचा निष्ठुरपणा बोचतो.

बोधकथेला यामुळे कमीपणा येत नाही. ती उपदेशासाठीच घडवलेली असते आणि तिचे तात्पर्य शोधणे योग्यच आहे. चूक होते ती हाच साचा प्रत्येक कथेवर बसवताना.

पात्राच्या तोंडचे वाक्य प्रमाण मानणे

वरील कथेत बहीण शेवटी “मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं” असे म्हणाली, तर तो तिचा पश्चात्ताप आहे. पात्र चुकू शकते, स्वतःची समजूत घालू शकते. त्याच्या म्हणण्याला कथेतील घटना दुजोरा देतात की छेद देतात, हे पाहिल्याशिवाय ते वाक्य आशयसूत्र म्हणून उचलू नये.

लिहिताना तात्पर्यापासून सुरुवात करणे

आधी उपदेश ठरवून लिहायला बसले की पात्रे त्या उपदेशाची उदाहरणे बनतात. चुकीचे वागणाऱ्याला शिक्षा होते, भला माणूस अखेरीस जिंकतो आणि वाचकाला दुसऱ्या पानावरच शेवट कळतो. प्रश्न सोडवणे आणि प्रश्न नेमका मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून कलावंताला दुसरीच बंधनकारक आहे, असे रशियन कथाकार आंतोन चेखव यांनी १८८८ मधील एका पत्रात लिहिले होते. लिहिण्यापूर्वी आपला उपदेश प्रश्नात बदलून पाहावा. ‘खोटे बोलू नये’ याऐवजी ‘ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यापासून सत्य किती काळ दूर ठेवता येते आणि त्याची किंमत कोण मोजतो?’ असे विचारले की भावाला मौन बाळगण्याचे कारण मिळते आणि बहिणीची बाजूही तितक्याच ताकदीने मांडावी लागते.

कथा लिहून झालेली असेल, तर शेवटचा परिच्छेद झाकून ती पुन्हा वाचावी. त्या कथेच्या पहिल्या खर्ड्यात बहीण रडत कबुली देते, भाऊ तिला क्षमा करतो आणि सत्याचे महत्त्व दोघांनाही पटते, असे समजू. तो परिच्छेद काढून टाकावा. भाऊ पुन्हा विचारतो, “आणखी काय लिहिलंय?” आणि बहीण तो कागद उलटून कोऱ्या बाजूवरून वाचू लागते; कथा तेथेच थांबवावी.