डिकंपायलर लिहिताय? व्हेरिएबलच्या या चुका टाळा

जावाचा डिकंपायलर, म्हणजे कंपाइल झालेल्या बाइटकोडमधून पुन्हा सोर्सकोड काढणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला की पहिला आठवडा मजेत जातो. मग गडी व्हेरिएबलांपाशी येतो आणि ‘स्लॉट दोन म्हणजे व्ही-दोन’ असं ठरवून मोकळा होतो. सगळं रामायण तिथून सुरू.

स्लॉट ही मेथडमधल्या व्हेरिएबलांसाठीची फक्त क्रमांकित जागा आहे. एका ब्लॉकची हद्द संपली की जावासी (जावाचा कंपायलर) तोच स्लॉट पुढच्या ब्लॉकमधल्या भलत्याच व्हेरिएबलला देतो. मीही यात तोंडावर आपटलोय. एका मेथडमध्ये आधी इंट (पूर्णांक) मोजणी, पुढे बूलियन (खरं-खोटं) खूण, दोन्ही स्लॉट दोनमध्ये. बूलियन स्लॉटमध्ये लिहायलाही इंटचीच आयस्टोअर ही सूचना लागते, त्यामुळे माझ्या डिकंपायलरने बिनदिक्कत एकच इंट छापला. आउटपुट निमूट कंपाइल झालं. फक्त लॉगमध्ये ‘ट्रू’ यायचं तिथे ‘१’ यायला लागलं, कारण मजकूर जोडणाऱ्या स्ट्रिंगबिल्डरचा इंटवाला अपेंड निवडला जात होता. दोन दिवस मी लॉगिंगच्या कोडला शिव्या घातल्या!

आता जावापीचं (बाइटकोड दाखवणाऱ्या टूलचं) आउटपुट छापून घेतो आणि पेनाने बाण काढतो: या वाचनापर्यंत कोणकोणती लेखनं पोचतात? एकाच वाचनाला पोचणारी लेखनं एका व्हेरिएबलची, बाकीची वेगळी. आयइंक (स्लॉटमधला आकडा वाढवणारी सूचना) वाचतेही आणि लिहितेही. टाइप वापरावरून ठरवायचा. डिस्क्रिप्टरमध्ये (टाइप सांगणाऱ्या खुणेत) झेड दिसला की बूलियन.

‘पण लोकल-व्हेरिएबल-टेबल आहे ना?’ असलं तर. व्हेरिएबलांची नावं ठेवणारं हे टेबल ‘-जी’ हा डीबगचा पर्याय न देता जावासी लिहीतच नाही. आणि असलं तरी व्हेरिएबलची हद्द पहिल्या स्टोअरच्या (लेखनाच्या सूचनेच्या) पुढच्या सूचनेपासून सुरू होते. स्टोअरच्याच पत्त्यावर नाव शोधाल तर हात हलवत परत याल.

लाँग आणि डबल दोन स्लॉट खातात. स्टॅटिक मेथडच्या स्लॉट शून्यात ‘धिस’ (ज्यावर मेथड चालते तो ऑब्जेक्ट) नसतो. हे विसरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

घोषणेची जागा हे दुसरं दुखणं. घाईची मंडळी सगळ्या घोषणा मेथडच्या माथ्यावर टाकतात. मग लूपमधला व्हेरिएबल लॅम्ब्डाने (निनावी फंक्शनने) पकडलेला असला की तो इफेक्टिव्हली फायनल (एकदाच किंमत मिळणारा) राहत नाही आणि कंपायलर अडतो. पहिल्या लेखनापाशी घोषणा करणारे डू-व्हाइलमध्ये फसतात: अंगात घोषित केलेलं नाव व्हाइलच्या अटीला दिसत नाही. मी सगळे वापर सामावणारा सर्वांत आतला ब्लॉक शोधतो आणि व्हाइलची अट लूपच्या अंगाबाहेरची धरतो.

स्विचमध्ये वापर एका केसपुरताच असेल तर सरळ महिरपी कंस घालतो. दिसतं कुरूप, पण पुढच्या केसमधल्या त्याच नावाशी भांडण होत नाही.